घसा बसण्याआधी : नव्याने रुजू झालेल्या शिक्षकांसाठी

गोव्यातल्या मराठी प्राथमिक शाळेत मी 22 वर्षं शिकवते आहे. दरवर्षी आमच्या तालुक्यात नवी मुलं-मुली शिक्षक म्हणून रुजू होतात. उत्साह असतो, टाचणवह्या नीट कव्हर घातलेल्या असतात. आणि ऑगस्ट उजाडला की त्यातल्या कुणाचा तरी फोन येतो, पण आवाजावरून कोण बोलतंय ते ओळखूच येत नाही. फळ्यावर कसं लिहावं, पाठ कसा गुंफावा, हे डी.एल.एड.ला, म्हणजे शिक्षक होण्याच्या पदविकेत, शिकवतात. ज्या आवाजावर पुढची 30-35 वर्षं काढायची, तो कसा वापरावा यावर माझ्या वेळी एकही तास नव्हता. म्हणून हे सगळं सविस्तर लिहिते आहे. जमेल तसं एकेक करत जा. सगळं पहिल्याच महिन्यात साधायला हवं असं नाही.

आधी आत काय होतं ते पाहा

आवाज निघतो तो स्वरयंत्रातल्या दोन स्वरतंतूंच्या थरथरण्यातून. ते जेमतेम दीड सेंटिमीटरच्या आसपास असतात, पुरुषांचे थोडे लांब. बोलताना बाईमाणसाचे तंतू सेकंदाला साधारण 200 वेळा एकमेकांवर आपटतात, पुरुषांचे 100 ते 130 वेळा. शाळेच्या दिवसात प्रत्यक्ष आवाज काढण्याचा वेळ दोनच तास धरला, तरी 14 लाखांहून जास्त टकरा होतात. ओरडलं की प्रत्येक टक्कर जोरात बसते. दोन्ही तंतूंच्या पुढच्या भागात, जिथे मार सर्वांत जास्त बसतो, तिथे आधी सूज येते. तरीही ओरडत राहिलं की त्या सुजेची घट्टं पडल्यासारखी गाठ होते. कोयता धरून हाताला घट्टे पडतात ना, तसंच.

माझं हेच झालं. नोकरीचं तिसरं वर्ष, चार इयत्ता एका खोलीत. आवाज बसला की ज्येष्ठमध चघळायचे आणि पुन्हा ओरडायचे. असे दोन महिने काढले. शेवटी डॉक्टरांनी नळीवाटे आत पाहिलं आणि पडद्यावर मला दाखवलं: दोन पांढरे पडदे आणि दोन्हीवर समोरासमोर तांदळाच्या कणीएवढा उंचवटा. मला वाटलं होतं घशात कफ अडकलाय. तो कफ नव्हता, माझंच ओरडणं होतं.

हा त्रास म्हणजे आपल्या एकट्याची नाजूक प्रकृती, असं मानू नका. अमेरिकेतल्या आयोवा आणि युटा या राज्यांत हजारावर शिक्षकांची विचारपूस करून 2004 मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. आयुष्यात कधी ना कधी आवाजाचा विकार झालेले शिक्षक त्यात 57.7 टक्के निघाले, इतर व्यवसायांतले लोक 28.8 टक्के. पोलंडमध्ये तर शिक्षकांचे काही स्वरविकार व्यवसायामुळे होणारे आजार म्हणून कायद्यात नोंदलेले आहेत. मुख्याध्यापकांकडे खोली बदलून मागताना किंवा पालक-शिक्षक संघाकडे माईक मागताना संकोच वाटला, तर हे आकडे आठवा.

पहिली पायरी : खोली

घशाची काळजी घशापासून सुरू करायची नसते, खोलीपासून करायची. वर्ग हातात आला की मुलं यायच्या आधी एकदा एकटे तिथे जा. मधोमध उभे राहून एक टाळी वाजवा. टाळीचा आवाज मागे रेंगाळला, तर त्या खोलीत तुमचं प्रत्येक वाक्य पुढच्या वाक्यावर चढणार आणि मुलांना ऐकू जावं म्हणून तुम्ही आणखी जोर लावणार. रिकाम्या भिंती, फरशी आणि उंच छप्पर असलं की हे होतंच. भिंतींवर कापडी तक्ते लावा, मागच्या भिंतीला जुनी चटई किंवा जाड पडदा टांगा, मुलं खाली बसत असतील तर सतरंजी अंथरा. खर्च फारसा नाही, फरक मात्र लगेच कळतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीप्रमाणे वर्ग चालू असताना मागचा गोंगाट 35 डेसिबलच्या वर जाऊ नये. आपल्याकडे नुसता कुरकुरणारा पंखासुद्धा ही मर्यादा ओलांडतो. म्हणून पंख्याला तेल घालून घ्या. रस्त्याच्या बाजूची खिडकी तासापुरती बंद ठेवा आणि दुसरीकडची उघडा.

आता बसण्याची जागा. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज 6 डेसिबलने उतरतो. खोलीत भिंतींमुळे तो इतका उतरत नाही, पण शेवटच्या बाकापर्यंत पोचवायला जोर लागतोच. मग आपणच जवळ जावं. आमच्याकडे बऱ्याच शाळांत पट कमी असतो, पंधरा-वीस मुलं. तरी ती मागच्या बाकांवर पसरून बसलेली असतात आणि शिक्षक टेबलापाशी उभे राहून ओरडत असतात. बाक अर्धवर्तुळात ओढा आणि मध्ये उभे राहा. एकशिक्षकी शाळेत पहिली-दुसरी एका कोपऱ्यात आणि तिसरी-चौथी दुसऱ्या कोपऱ्यात बसवून मधून दोघांशी बोलू नका. ज्यांना शिकवताय त्यांच्याजवळ स्टूल घेऊन बसा, बाकीच्यांना लेखी काम द्या.

फळ्याकडे तोंड करून बोलायचं नाही. लिहून झालं की वळायचं, मग बोलायचं. ही एकच सवय लागली तरी घशावरचा भार हलका होतो. फळा ओल्या फडक्याने पुसा, खडूची धूळ कोरडी उडवू नका.

दुसरी पायरी : पहिल्या आठवड्यात खुणा शिकवा

पहिल्या आठवड्यात अभ्यास थोडा मागे राहिला तरी चालेल, पण खुणा पक्क्या करून घ्या. "गप्प बसा!" हे दिवसातून पन्नास वेळा ओरडणं सर्वांत महाग पडतं, कारण ते नेहमी गोंगाटाच्या वर चढून बोलावं लागतं. एतियेन लोंबार या फ्रेंच डॉक्टरांनी 1911 मध्येच दाखवलं होतं की भोवताली आवाज वाढला की माणूस नकळत आपला आवाज चढवतो. मुलं तुमच्यावर चढवतात, तुम्ही मुलांवर, आणि शेवटी हरतो तो घसा.

माझ्या वर्गात भजनातले टाळ आहेत. गावात जुनी जोडी कुणाकडेही सापडते. टाळ एकदा वाजले की हातातलं काम थांबवून माझ्याकडे पाहायचं, दोनदा वाजले की दप्तर बंद. हात वर केला की बोलणं बंद, आणि ज्याला दिसेल त्यानेही हात वर करायचा. पहिले तीन दिवस हा खेळासारखा घ्या, पुन्हा पुन्हा करून घ्या. चौथ्या दिवशी कुणी ऐकलं नाही, तरी आवाज चढवू नका, थांबा. तुम्ही एकदा ओरडलात की मुलांना कळतं की टाळ ही खरी खूण नाही, ओरडणं ही खरी खूण आहे. मैदानावर शिटी वापरा. खेळाच्या तासाला मोकळ्या हवेत ओरडून जितका घसा फाटतो, तितका आठवडाभराच्या शिकवण्याने फाटत नाही.

तिसरी पायरी : पावसाचे तास

गोव्याबाहेरून आलेल्या शिक्षकांना हे वेगळं सांगावं लागतं. इथे वर्षाला साधारण 3000 मिलिमीटर पाऊस पडतो आणि तो बहुतेक सगळा जून ते सप्टेंबरात. सत्तरी-सांगे तालुक्यांत तर तो पडतो तेव्हा समोरच्या माणसाचे ओठ हलताना दिसतात, शब्द कानावर येत नाहीत. छपराला पत्रे असतील तर विचारूच नका. माझ्या पहिल्या पावसात मी पत्र्यावरच्या सरीवर चढून पाढे म्हणवून घेत होते. माझ्यासोबत 24 मुलंही ओरडत होती. संध्याकाळी घरी आईला "चहा दे" म्हणतानाही आवाज फुटेना.

पावसाशी भांडायचं नाही, हे मी फार उशिरा शिकले. जोराची सर बहुतेक वेळा फार टिकत नाही, दहा-पंधरा मिनिटांत ओसरते. तेवढ्या वेळाचं काम आधीच तयार ठेवायचं. माझ्या टेबलाच्या खणात एक डबा असतो, त्यावर मुलांनीच 'पाऊस' असं लिहिलंय. आत चित्रवर्णनाची कार्डं, बेरीज-वजाबाकीच्या पट्ट्या, वाचायच्या गोष्टींच्या झेरॉक्स, शब्दकोडी. सर आली की मी पाटीवर 'पाऊस' लिहून ती वर धरते. मुलं उठून आपापलं कार्ड घेतात आणि मी बाकांमधून फिरत त्यांचं काम तपासते. काही सांगायचं झालं तर वाकून, कानाजवळ, साध्या आवाजात. सर थांबली की डबा बंद.

श्रुतलेखन, पाढे, कविता म्हणणं हे सगळं पावसाळ्यात सकाळच्या उघडिपीत उरकून घ्या. वेळापत्रकात थोडी उलथापालथ होईल. मुख्याध्यापकांना आधी सांगून ठेवा, कुणी नाही म्हणत नाही.

चौथी पायरी : सकाळची पाच मिनिटं

आपल्या गोव्याची केसरबाई केरकर, मोगूबाई कुर्डीकर यांच्यासारखी गाणारी माणसं रियाज केल्याशिवाय मैफिलीत बसत नसत. आपण मात्र झोपेतून उठतो, बस पकडतो आणि प्रार्थनेच्या रांगेत पहिला शब्द ओरडूनच काढतो.

एका पेल्यात चार बोटं पाणी घ्या. त्यात साधी प्लॅस्टिकची नळी, शहाळ्याबरोबर मिळते तशी, अंगठ्याच्या रुंदीएवढी बुडवा. नळीभोवती ओठ अलगद मिटा आणि नाकाने श्वास घेऊन नळीतून 'ऊ' काढा. नुसती फुंकर नको, आवाज हवा. पाण्यात बुडबुडे सारख्या वेगाने यायला हवेत. बुडबुडे अडखळले तर श्वास कमी पडतोय, उसळून बाहेर आले तर जोर जास्त होतोय. आधी एकाच सुरात चार-पाच वेळा करा. मग खालच्या सुरातून वरच्या सुराकडे जा आणि परत खाली या, झोका घेतल्यासारखं. ओठांच्या मागे गुदगुल्या झाल्यासारखं जाणवलं पाहिजे, गळ्यात ताण नको. दोन-तीन मिनिटं पुरतात. नळी अर्धवट बंद असल्यामुळे आतून हवेचा हलका दाब परत येतो आणि तंतू एकमेकांवर जोरात न आपटता थरथरतात. आवाजावर उपचार करणारे स्पीच थेरपिस्ट जगभर हाच व्यायाम देतात.

नळी नसेल तर तोंड मिटून 'म्म्म' करत गुणगुणा, किंवा घोडा फुरफुरतो तसे ओठ फुरफुरवा. मधल्या सुट्टीनंतर एकदा आणि शाळा सुटल्यावर एकदा तेच मिनिटभर.

याच वेळी आवाजाची तपासणीही करून घ्या. एखाद्या आरतीची पहिली ओळ अगदी हळू, पण वरच्या सुरात म्हणा. हळू आवाजात वर जाताना तो तुटला, हवा सुटली किंवा सुरुवातीला आवाजच फुटला नाही, तर तंतूंवर सूज आहे असं समजा. जोरात म्हटलं तर ही सूज लपते, म्हणून हळूच म्हणायचं. रोज एकाच वेळी करा आणि टाचणवहीच्या कोपऱ्यात एक खूण करून ठेवा. सलग तीन-चार दिवस वाईट खूण आली, तर त्या आठवड्यात बोलण्याचं काम निम्म्यावर आणा.

शिकवताना मान पुढे ताणू नका. श्वास संपत आला की वाक्य तिथेच सोडा, उरलेल्या हवेवर दोन शब्द पिळून काढू नका. छोटी वाक्यं बोला, मध्ये थांबा. मुलांनाही ते बरं पडतं.

पाणी आणि जेवण

पाणी प्यायलं की ते तंतूंवर पडत नाही. अन्ननलिकेतून खाली जातं आणि रक्तातून फिरून काही वेळाने तंतूंचा ओलावा वाढवतं. म्हणून घसा सुकल्यावर बाटली तोंडाला लावून फारसं साधत नाही, सकाळपासून घोट घोट प्यावं लागतं. बाटलीवर मार्करने दोन रेघा मारा: मधल्या सुट्टीपर्यंत इथवर, शाळा सुटेपर्यंत इथवर.

एक गोष्ट उघड बोलली पाहिजे. कितीतरी बाया शाळेत पाणी पीतच नाहीत, कारण स्वच्छतागृह नीट नसतं किंवा वर्ग सोडून जाता येत नाही. आवाज जातो त्याला हेही मोठं कारण आहे. नव्या आलात म्हणून गप्प राहू नका. पहिल्याच सभेत हे मांडा आणि पाच मिनिटं वर्ग कोण सांभाळेल ते शेजारच्या टीचरशी ठरवून घ्या.

ज्येष्ठमध, खडीसाखर, मध-आलं, मिठाच्या गुळण्या यांनी घशाला बरं वाटतं, ते खोटं नाही. पण यातलं काहीही स्वरतंतूंपर्यंत पोचत नाही. तिथे थेंब जरी गेला तरी ठसका लागतो. तिथवर पोचते ती वाफ. साध्या पाण्याची वाफ रात्री पाच मिनिटं घ्या, त्यात बाम टाकू नका.

रात्री साडेदहाला तिखट हुमण (माशांची आमटी)-भात जेवून लगेच आडवं झालं की पोटातलं आम्ल वर येतं आणि स्वरयंत्राला लागतं. छातीत जळजळ होत नाही म्हणून ते कळतही नाही. सकाळी आवाज जड, तोंडात आंबट चव, सारखं खाकरावंसं वाटणं, ही त्याची लक्षणं. जेवण आणि झोप यांत दोन-तीन तास ठेवा. खाकरणं तर सोडूनच द्या: खाकरताना तंतू एकमेकांवर जोरात घासतात, त्याने आणखी चिकटा येतो आणि पुन्हा खाकरावंसं वाटतं. त्याऐवजी एक घोट पाणी गिळा.

माईक

कमरेला बांधायचा छोटा स्पीकर आणि डोक्याला लावायचा माईक हजार-दोन हजार रुपयांत मिळतो. मोठ्या वर्गासाठी तो घ्याच. ओठांच्या कोपऱ्यापासून दोन बोटांवर ठेवा आणि आवाज घरात बोलतो तेवढाच काढा. माईक लावूनही ओरडत राहिलात तर काही उपयोग नाही. घुमणाऱ्या खोलीत स्पीकरचा आवाज कमी ठेवा.

शाळेबाहेर

शाळेत जपलेला आवाज संध्याकाळी कदंब बसमध्ये मोबाईलवर बोलताना जातो. इंजिनावर चढून बोलावं लागतं, म्हणून "उतरल्यावर करते" एवढं सांगून फोन ठेवा. चवथीत, म्हणजे गणेशचतुर्थीत, घरोघरी घुमट या मातीच्या वाद्याच्या तालावर आरत्या होतात, आणि त्या मनापासून म्हणाव्यात असंच आपल्याला वाटतं. म्हणा, पण घुमट आणि शामेळ या वाद्यांच्या वर आवाज काढायला जाऊ नका. टाळ हातात घ्या, दर दुसरी आरती घ्या. सुट्टीनंतर शाळा उघडते तेव्हा पहिल्या दिवशी मुलांनाच चवथीबद्दल बोलू द्या. त्यांच्याकडे सांगण्यासारखं खूप असतं.

तरीही घसा बसला तर

पहिली गोष्ट, कुजबुजत बोलू नका. कुजबुजल्याने घशाला आराम मिळतो हा समज मलाही होता. जोर लावून कुजबुजताना स्वरयंत्र आणखी आवळलं जातं. बोलायचंच झालं तर कमी आणि मऊ आवाजात बोला, नाहीतर पाटीवर लिहा.

सर्दी-पडशाने आवाज बसला असेल तर दोन-तीन दिवस रजा घ्या. वर्षभरात हक्काच्या रजा असतात त्या यासाठीच. सुजलेल्या तंतूंवर जोर दिला तर एखादी बारीक रक्तवाहिनी फुटू शकते. ओरडता ओरडता आवाज एकदम गेला, तर त्या क्षणापासून पूर्ण मौन धरा आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठा. मनाने गोळ्या घेऊ नका, ओळखीच्या कुणाला लागू पडल्या म्हणून तर नकोच. दम्याचा फवारा वापरणाऱ्यांचाही आवाज घोगरा होऊ शकतो. प्रत्येक वेळी फवारा घेतला की चूळ भरा आणि डॉक्टरांना सांगा.

घोगरेपणा तीन आठवड्यांवर गेला तर कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जा. पण आवाजासोबत गिळायला किंवा श्वास घ्यायला त्रास होत असेल, थुंकीतून रक्त येत असेल, मानेत गाठ लागत असेल, किंवा तुम्ही विडी-सिगारेट ओढत असाल, तर तीन आठवडेही थांबू नका. बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या इस्पितळात, कान-नाक-घसा विभाग आहे. म्हापसा आणि मडगाव इथल्या जिल्हा इस्पितळांतही दाखवता येतं. नुसत्या गोळ्या लिहून दिल्या तर स्वरयंत्र आतून पाहायची विनंती करा. तंतू प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय सूज आहे, गाठ आहे की आणखी काही, ते कळत नाही. तपासणीला दोन-चार मिनिटं लागतात. थोडं मळमळल्यासारखं होतं, दुखत नाही.

जाताना एका कागदावर लिहून न्या: आवाज केव्हापासून बसला, सकाळी जास्त की संध्याकाळी, दिवसात किती तास बोलता, किती मुलं आहेत, खोली कशी आहे, कुठली औषधं चालू आहेत. "शिक्षक आहे" हे पहिल्या वाक्यात सांगा. गाठ निघाली तरी घाबरू नका. ओरडण्याने आलेल्या अशा गाठी बहुतेक वेळा बोलण्याची पद्धत बदलून आणि स्पीच थेरपिस्टकडच्या व्यायामाने विरतात, शस्त्रक्रियेची वेळ क्वचित येते. माझी गाठ चार महिन्यांत गेली, कुठेही चिरफाड न होता.

रजेवरून परतल्यावर पहिला आठवडा एका तासात दहा मिनिटांपेक्षा जास्त बोलू नका. मुलांना खरं कारण सांगा. मी परतले तेव्हा फळ्याच्या कोपऱ्यात लिहिलं होतं, 'टीचरचा घसा दुखतोय, हळू बोलूया.' तिसरीतली एक मुलगी रोज सकाळी येऊन ती ओळ पुसट झाली असेल तर पुन्हा गिरवायची. मी पुसून टाकली तेव्हा तिने विचारलं, "टीचर, आता बरा आहे का?" मी "हो" म्हटलं, अगदी हळू. शेवटच्या बाकापर्यंत ते ऐकू गेलं.